बागेचं सुशोभीकरण: पेव्हर, लॉन, कारंजं पाहिजे की आहे ती सावली पुरे?

उंडीखालचा (धागाकर्ता)

आमच्याकडे समुद्राच्या अंगाला नगरपरिषदेची एक जुनी बाग आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, सिंधुदुर्गात किनाऱ्याला आहे एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील आणि बाकीच्यांच्या गावात पण हेच चाललं असणार. दोनेक एकर जागा, भोवती चिऱ्याचा गडगा, मधे मोठा वड, उंडीची पाचसहा जुनी झाडं, एक बांधीव बाव (विहीर), आणि पश्चिमेला सुरूच्या झाडांची रांग, तिच्यापलीकडे वाळू आणि समुद्र. खेळणी म्हणाल तर एक घसरगुंडी जिचा पत्रा मधोमध फाटलाय आणि झोपाळ्यांच्या नुसत्या साखळ्या, फळ्या कधीच गेल्या.

आता निधी आलाय आणि ऑफिसात नकाशा लावलाय. सगळ्या बाजूनी पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, मधे लॉन, ओपन जिम, म्युझिकल कारंजं, सेल्फीसाठी 'आय लव्ह' वाली मोठी अक्षरं, एक हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे दिवे. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "बाधित वृक्ष" म्हणून तीन उंडी आणि सुरूची अर्धी रांग.

माझं मत सरळ आहे, हे नको. मे महिन्यात दुपारी दोनला गावात कुठे बसता येत असेल तर त्या उंडीखाली. आपल्याकडे उन्हापेक्षा घाम मारतो, लॉनवर कोण बसणार आहे एप्रिलात? आणि लॉनला पाणी कुठून आणणार, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे उजाडला की नळाला एक दिवसाआड. वडाला फळं धरली की हरियाल येतात, कधी धनेशाची जोडी येते, खाली लाल फळांचा सडा, पोरं ती पायाने फोडत बसतात. रात्री वटवाघळं कुठून कुठून उंडीची फळं आणून टाकतात त्या सकाळी गोट्या म्हणून खेळायला मिळतात. हे सगळं काढून अक्षरं लावायची, आणि अक्षरांमागे काय दिसणार तर पेव्हर. लोकांचं काय म्हणणं?

दोन_पोरांची_आई

माझं म्हणणं स्पष्ट ऐका, मला हा प्लॅन हवाय. पूर्ण नाही पण हवाय. तुमच्या सावलीत दुपारी कोण बसतं ते बघितलंय का कधी? पत्ते कुटणारे आणि मोबाईलवाले, सगळे पुरुष. संध्याकाळी सहाच्या पुढे मी माझ्या मुलीला घेऊन तिथे जाऊ शकत नाही कारण एकही दिवा धड नाही. मुलगा पाच वर्षांचा आहे, तो त्या फाटक्या घसरगुंडीवर बसला तर पँट फाटते ते सोडा, मांडी कापेल. आणि हा जो पाचोळ्याचा थर तुम्हाला निसर्ग वाटतो ना, त्यात फुरसं असतं, विषारी साप. आपल्या भागात फुरसं किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या भेगेत. तुमच्या हरियालासाठी मी माझं पोर पाचोळ्यात सोडू का?

गावात मुलांना खेळायला दुसरी जागा सांगा. शाळेचं मैदान सुट्टीत कुलूपबंद, वाळूवर गाड्या घालतात लोक, रस्त्यावर तर प्रश्नच नाही. मग उरते ती बाग. ती बाग मोठ्यांच्या आठवणींसाठी राखून ठेवायची का?

चाकरमानी_डोंबिवली

वा उंडीखालचा, काय लिहिलंयस, डोळ्यासमोर बाग उभी राहिली! प्लीज काही बदलू नका रे. आम्ही गणपतीला आणि मे मधे येतो ते ह्याच्यासाठीच. पेव्हर आणि कारंजी आमच्याकडे ढिगाने आहेत, कोकण आहे तसं राहू दे.

दोन_पोरांची_आई

तुम्ही वर्षातनं दोनदा येता दादा. उरलेले दिवस आम्ही असतो इथे. तुमच्या कॉम्प्लेक्समधे मुलांना रबरी फ्लोअरिंगचं प्ले एरिया असणार आणि आमच्या मुलांनी मात्र "आहे तसं" रहायचं.

कुर्लेचो सार

अरे मेल्यांनो, लाखांचा कारंजा करतत आणि बागेत मुतूक जागा नाय. बायलमाणसांनी खंय जावचा? ता पयला नकाशात लिवा. माका विचारशात तर झाडा तोडू नकात आणि कारंजा बांधू नकात, झोपाळ्यांक फळ्ये लावा, एक मुतारी बांधा, झाला तुमचा सुशोभीकरण. उरलले पैसे परत धाडा. धाडूचे नाय ता माका ठावक हा.

जांभा_चिरा

मी साईटवरचा माणूस, बिलं पण बघितलीत आणि बिलं झाल्यावर काय होतं ते पण, तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं ऐकवतो.

पेव्हर वाईट नाही, टाकायची पद्धत वाईट. आपल्याकडे खाली पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट ओततात, वर ब्लॉक, कडेला कर्ब, म्हणजे पाणी मुरायला जागाच ठेवत नाहीत, आणि झाड मधे आलं तर बुंध्याला चिकटवून ब्लॉक बसवतात. २०१३ साली एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) दिल्लीसाठी आदेश दिलेला की झाडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा, सिमेंट असेल तर काढा, पण आपल्याकडे असला आदेश कोण वाचतो, अंदाजपत्रकात चौरस मीटरला रेट लागतो म्हणून जितकं झाकाल तितकं बिल. त्यात सावलीतला पेव्हर जुलैत हिरवागार होतो, त्यावर म्हातारं माणूस गेलं की खुबाच गेला समजा.

मुरूम टाका म्हणणारे येतील आता, तर मुरूम पहिल्या मोठ्या पावसात गटारात. माझं मत चिऱ्याचं. वाळूच्या थरावर खडबडीत तासलेला चिरा, फटी सिमेंटने भरायच्या नाहीत, एका अंगाला उतार आणि बाजूने उघडं गटार. शेवाळ त्याच्यावर पण येतं, ते कोकणात देवळाच्या पायरीवर पण येतं, पण ब्लिचिंग टाकून पावसाळ्यात दोनतीनदा घासलं की भागतं. घासणारा माणूस लागतो, तो अंदाजपत्रकात नसतो ही खरी गोम आहे.

आता ओपन जिम. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या पाईपला पावडर कोटिंग मारून उभं करतात. कोटिंगला एक ओरखडा गेला की आतून गंज धरतो, बेअरिंगमधे मीठ जातं. पहिलं वर्ष फोटो, दुसऱ्या पावसानंतर कुईकुई, तिसऱ्या वर्षी लोक त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात. करायचंच तर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) मागा नाहीतर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. ३०४ नको, त्याला पण खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात, ३१६ मधे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. महाग आहे. मग बारा मशिनी ऐवजी चार घ्या. मशीनवाल्या जिमपेक्षा नुसते पुल अपचे बार, बॅलन्सचा ओंडका, चढायची दोरी असलं काही घेतलंत तर बिघडायला भागच नाहीत.

माडाखालचे आजोबा

सर्वांना नमस्कार. धागाकर्त्यांना वडाची काळजी आहे, चांगली गोष्ट, पण माझं वय सत्तरीच्या पुढचं आणि मला डॉक्टरनी रोज चालायला सांगितलंय. चालायचं कुठे? आमच्या वयाचे अर्धे लोक पहाटे हायवेच्या कडेला चालतात, डंपर अंगावरून गेल्यासारखे जातात. वाळूत चाललं की गुडघे बोलतात. बागेत मुळं वर आलेली, अंधारात ठेचकळायला होतं. सावंतवाडीला जाऊन बघा, मोती तलावाभोवती सकाळ-संध्याकाळ किती माणसं चालतात, बायका, म्हातारे, सुनेला घेऊन सासू, सगळं गाव एकमेकाला भेटतं तिथे. तलाव पण आहे, झाडं पण आहेत आणि पायाखाली सपाट आहे. सपाट जागा मागणं म्हणजे निसर्गाचा द्वेष नव्हे.

सुरूचं म्हणाल तर ती काही देवराई नाही. सामाजिक वनीकरणवाल्यांनी आमच्या डोळ्यांदेखत लावलेली रोपं आहेत. अर्धी गेली तर आभाळ कोसळत नाही.

सुरंगी

आजोबांचं बरोबर आहे, निदान सुरूपुरतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उंडीखालचा यांनी उंडी आणि सुरू एका दमात लिहिली ते मला खटकलं. सुरू आपला नाहीच, तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा. वाऱ्याला अडसर म्हणून, जळणासाठी म्हणून किनाऱ्याला लावला. त्याच्या काड्यांचा जाड थर साचतो, खाली फारसं काही उगवत नाही, तुम्ही सुरूच्या बनात जाऊन बघा, पायाखाली सगळं तपकिरी. वाळू धरून ठेवायला आपली मर्यादवेल होती, ती सावलीत मागे हटते. आणि वादळाला भिंत म्हणून लावलेला सुरू वादळातच आडवा होतो, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा, श्रीवर्धन-दिवेआगरकडे माड-पोफळींबरोबर सुरूची बनंच्या बनं झोपली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

उंडीची गोष्ट वेगळी. ती किनाऱ्याचीच, खारा वारा पिऊन वाढलेली, पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना वापरायचे. सावकाश वाढते. आज तोडलेली उंडी तुमच्या नातवाला पण त्या मापाची मिळणार नाही. सुरू गेला तर मला वाईट वाटणार नाही, उंडीला हात लावला तर मी स्वतः ऑफिसात जाऊन बसेन.

अजून एक, त्या नकाशात "शोभेची झाडं" म्हणून काय लिहिलंय ते वाचून इथे टाका. कोनोकार्पस असेल तर आत्ताच हरकत घ्या, गुजरातने २०२३ मधे त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळं पाईपलाईनमधे घुसतात आणि परागकणांचा त्रास होतो म्हणून. आपल्याकडचे ठेकेदार अजून ट्रक भरून आणतायत कारण भराभर वाढतं, हिरवं दिसतं आणि उद्घाटनाला फोटो बरा येतो.

उंडीखालचा

सुरंगी ताई, आत्ता फोटो झूम करून बघितला, "कोनोकार्पस हेज, दोन्ही बाजूस" असं आहे. घ्या.

सुरू परका आहे हे मान्य, पण तो तोडून तिथे काय येणार आहे हे पण बघा ना. सुरूच्या जागी उंडी, भेंडी, करंज लावणार असतील तर मी स्वतः कुऱ्हाड आणून देतो. तिथे हायमास्ट येणार आहे. सुरूची रांग आहे तोवर बागेतला उजेड वाळूवर जात नाही, ती गेली की हायमास्ट थेट वाळूवर. आणि आपल्या वाळूवर कासवं येतात. ऑलिव्ह रिडले थंडीत येऊन अंडी घालून जाते, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात ती बहुतेक रात्रीचीच, आणि जिकडे जास्त उजेड तिकडे चालत सुटतात, कारण नुसत्या किनाऱ्यावर जास्त उजेड समुद्राकडेच असतो. हायमास्ट लावला की ती बागेकडे येणार, मग कुत्रे आणि कावळे आहेतच. रत्नागिरीतल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनी घरटी राखायला सुरुवात केली, आता वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला पण कासवं बघायला लोक येतात, होमस्टेवाल्यांना चार पैसे मिळतात. आणि आपण करतोय काय तर दिवा लावतोय.

दोन_पोरांची_आई

म्हणजे पुन्हा अंधार. कासवाच्या पिल्लाला उजेडाचा त्रास होतो ह्याची तुम्हाला माहिती आहे, बाईला अंधाराचा त्रास होतो ह्याची नाही. मी कासवांच्या विरोधात नाहीये, पण प्रत्येक वेळी ॲडजस्ट कोणी करायचं तर बायका-मुलांनी, हे आता कंटाळवाणं झालंय.

जांभा_चिरा

भांडू नका, ह्याला उपाय आहे आणि तो हायमास्टपेक्षा स्वस्त आहे. हायमास्ट हा मुळात चौकासाठी, जेटीसाठी, बागेसाठी नाही. वरून चाळीस-पन्नास फुटांवरनं उजेड ओतला की झाडाच्या खाली उलट जास्त काळोख दिसतो, वडाच्या पारंब्यांत माणूस उभा असेल तर कळणार नाही. बाईला सुरक्षित वाटायचं असेल तर दिवे कमरेएवढ्या उंचीचे, वाटेच्या कडेने, उजेड खाली पाडणारे, वर टोपी असलेले. रंग पिवळट-केशरी घ्या, पांढरा नको, कासवांना केशरी-तांबड्या उजेडाचा त्रास कमी होतो. आणि गेटवर एक चांगला. समुद्राकडच्या बाजूला एकही नाही. दहाला बंद करायचे टायमरने. चेहरा ओळखू येतो, वाळूवर उजेड जात नाही.

तिठ्यावरचा

हे सगळं इथे लिहून काय होणार आहे? निधी मार्चच्या आत खर्च करायचाय, नाहीतर परत जातो. म्हणून नकाशा एका रात्रीत झाला, बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी बागेचा उचललाय, बघा त्यात गडगा सरळ दाखवलाय, आपला गडगा बावीजवळ वाकडा आहे. ज्याने काढला तो बागेत आलाच नाही. तुम्ही चिरा की पेव्हर वाद घाला, तिकडे ब्लॉकचा ट्रक निघाला पण असेल.

चौकार_षटकार

कोणीच आमच्याबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो. वय १५ ते २५ वाल्यांनी काय करायचं? लहान मुलांना घसरगुंडी, म्हाताऱ्यांना ट्रॅक, पक्ष्यांना वड, कासवांना अंधार. आम्हाला काय? आम्ही बॅट घेऊन गेलो की वॉचमन हाकलतो, वाळूवर भरतीला जागा नाही, टर्फ तासाला पैसे मागतो. त्या लॉनच्या जागी पक्की जमीन करून एक व्हॉलीबॉल आणि एक कबड्डीचं मैदान द्या, नेट बांधायला दोन खांब, बस्स. अंडरआर्म क्रिकेट पण होईल त्याच्यात. पाणी नको, गवत नको. संध्याकाळी दोन तास.

माडाखालचे आजोबा

आणि बॉल आमच्या डोक्यावर.

चौकार_षटकार

आजोबा जाळी लावा ना मधे! नाहीतर मग आम्ही नाक्यावर उभे राहतो तेव्हा म्हणता पोरं वाया गेली.

चाकं_आणि_वाळू

मी व्हीलचेअर वापरते. आतापर्यंत कोणी विचारलं नाही म्हणून सांगते, मी त्या बागेत आजवर आत गेलेलीच नाही. का? तर गेट. गुरं आत येऊ नयेत म्हणून गेटला तो वाकडातिकडा लोखंडी बार लावलाय ना, माणूस अंग चोरून जातो, गाय अडकते, आणि मी पण. मी गडग्याबाहेर गाडीत बसते आणि घरचे आत जाऊन येतात.

त्यामुळे "आहे तसं राहू दे" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, आणि नकाशात बघितलं तर त्यांनी पण रॅम्प दाखवलेला नाही, पाचपाच पायऱ्या चढून कारंज्याचा ओटा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आली पाहिजे. रॅम्प एकास बारा उताराचा लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, लोक चार फुटांत उरकतात आणि वर रॅम्प म्हणून बोर्ड लावतात, तो रॅम्प चढायला क्रेन लागेल. गेटला निदान ९०० मिलिमीटर मोकळी वाट पाहिजे. गुरांचं काय करायचं ते करा, जमिनीत पाईपची जाळी टाकतात तसली नका टाकू, त्याच्यात पुढची बारकी चाकं अडकतात. आपोआप मिटणारं साधं फाटक लावा.

आणि चिरा सर, तुमचा खडबडीत चिरा माझ्या पाठीला नको. फटी उघड्या म्हणालात, त्या किती रुंद?

जांभा_चिरा

बरोबर प्रश्न. फट अर्ध्या इंचाच्या आत आणि बारीक खडी भरून, चिरा यंत्राने कापलेला घ्यायचा म्हणजे वर सपाट येतो, हाताने तासलेला नको. अख्खा ट्रॅक तसा नाही झाला तरी गेटपासून वडापर्यंत आणि वडापासून टॉयलेटपर्यंतचा पट्टा सहा फूट रुंद आणि एकदम सपाट करता येईल. बाकीची वाट जरा कमी सपाट चालेल.

सुरंगी

फुरशाबद्दल राहिलं. ताईंची भीती खोटी नाही, फुरसं लहान असतं, मातीच्या रंगाचं, चटकन दिसत नाही आणि आपल्या कातळाच्या मुलखात भरपूर आहे. पण त्यावर उपाय बागभर पेव्हर हा नाही, त्याला गडग्याच्या भेगा मिळतातच. खेळण्यांच्या भोवतीचा पट्टा नियमित बेणून स्वच्छ ठेवायचा, तिथे नुसती वाळू, पाचोळा नाही, सुटे दगड नाहीत, गडग्यापासून लांब. पाचोळा लोटून वडाच्या मागच्या कोपऱ्यात, तिथे मुलं जात नाहीत. आणि कारंजं रद्द झालं तर निम्मी डासांची कटकट गेली, दोन महिन्यांत मोटर जळते आणि टाकीत डबकं, त्यात गप्पी मासे सोडायला परत आरोग्य खात्याला बोलवायचं.

झाडांचं कायद्याने सांगते. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. तोडायच्या आधी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, झाडावर नोटीस लावावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात आणि तोडलंच तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. तीन उंडी धरा, प्रत्येकीची साठ-सत्तर वर्षं, झाली दोनशे रोपं. कुठे लावणार? कुणी उंडीवर नोटीस बघितली का?

उंडीखालचा

उंडीवर नोटीस नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, खिळे ठोकून.

कुर्लेचो सार

😂 फ्लेक्स वारसा हा तो, पन्नास वर्सा झाली तरी काडूचे नाय.

चाकरमानी_डोंबिवली

मी वरचं वाचलं आणि ताईंचा मुद्दा पटला, मी गप्प बसतो. फक्त एक, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा डेपोचा पार्क करून दाखवला ना? लोक लांबून बघायला येतात. म्हणजे आपल्याकडे पण मनात आणलं तर होतं, मग इथेच असा उचललेला नकाशा का?

तिठ्यावरचा

कारण तिथे कोणीतरी रोज मागे लागलं. इथे कोण लागणार, तुम्ही डोंबिवलीहून?

दोन_पोरांची_आई

मी लागते. पण आधी एक ठरवू या. उंडीखालचा, तुम्ही हरकतीचं पत्र लिहिणार असाल तर त्यात फक्त "झाडे वाचवा" असेल तर माझी सही मिळणार नाही, माझ्या गटातल्या बायकांची पण नाही. त्यात पहिल्या ओळीत टॉयलेट, दुसऱ्या ओळीत खालचे दिवे आणि खेळणी, तिसऱ्यात गेट. उंडी त्यानंतर. तोडू नका हे लिहा, मला पण उंडी हवीच आहे, पण क्रम हा.

उंडीखालचा

क्रम बदलून चालणार नाही ताई, झाडांची हरकत वेगळ्या माणसाकडे जाते, वृक्ष अधिकाऱ्याकडे, आणि त्याला मुदत असते. टॉयलेट पुढच्या निधीत पण होईल, उंडी एकदा पडली की पडली. दोन वेगळी पत्रं करू.

दोन_पोरांची_आई

"पुढच्या निधीत". हे वाक्य ऐकत माझी मोठी मुलगी सातवीत गेली. एकच पत्र, दोन प्रती, दोघांना द्या.

माडाखालचे आजोबा

ट्रॅक नसेल तर माझीही सही नाही, पेव्हरचा असो की चिऱ्याचा. आणि सुरूची एकही रांग वाचवायला मी पत्र लिहिणार नाही, मग कासवं नाराज झाली तरी.

सुरंगी

सुरू एकदम काढू नका एवढंच लिहा. आधी त्याच्या बागेकडच्या बाजूला उंडी-करंज लावा, ती वर आली की मग टप्प्याने सुरू काढा, तोवर उजेडाला आडोसा राहतो. आजोबांना पण चालेल हे.

माडाखालचे आजोबा

तोवर मी कुठे असेन कोण जाणे, पण लिहा.

चौकार_षटकार

व्हॉलीबॉलचे दोन खांब कोणीतरी लिहा रे त्यात.

जांभा_चिरा

लिहितो मी मसुदा, मोजमापासकट, रविवारी टाकतो इथे. सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी घेतलीय का हा प्रश्न पण घालतो, समुद्राच्या एवढं जवळ बांधकाम म्हणजे ते विचारणं भागच आहे. फक्त टॉयलेटचं एक आत्ताच ठरवा. जेटीवरचं टॉयलेट बांधून झालं, फित कापली आणि तेव्हापासून कुलूप आहे, कारण साफ करणारा माणूस नेमला नाही. बागेतल्याची चावी कोणाकडे?

दोन_पोरांची_आई

चावी बचत गटाकडे, साफसफाईचा महिन्याचा पगार नगरपरिषदेकडून, आणि वापरायला पैसे नाहीत. हे तिन्ही एकाच वाक्यात लिहा, वेगवेगळं लिहिलं की त्यातलं एकच मंजूर करतात.